नव्या विस्तारापूर्वी टँकने करावयाची तयारी

'फायनल फँटसी १४' या ऑनलाइन खेळाचा नवा विस्तार येतो तेव्हा पॅलाडिन, वॉरियर, डार्क नाइट आणि गनब्रेकर या चारही टँक जॉबमध्ये (शत्रूचा मार स्वतःवर घेणाऱ्या भूमिकांमध्ये) काही ना काही बदलते, आणि इंदूरच्या आमच्या गटात टँक होण्याची हौस बहुतेकांना असल्यामुळे प्रत्येकाला वेगळे समजावण्यापेक्षा हे एकदाच लिहून ठेवीत आहे. डिस्कवर जागा आणि चालू वर्गणी यांबद्दल सांगण्याची गरज नसावी. २०२४ चा 'डॉनट्रेल' हा विस्तार २ जुलैला आला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. आपल्याकडे तेव्हा वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा.

आता मुख्य गोष्ट, स्टान्स, म्हणजे शत्रूचे लक्ष टँककडे खेचून ठेवणारी अवस्था. जॉब बदलला की स्टान्स बंद होतो आणि आपण बटण दाबेपर्यंत बंदच राहतो. नव्या विस्तारात हा जॉब पाहू, तो पाहू असे दिवसभर चालते, त्यामुळे नेमक्या त्याच दिवशी तो विसरला जातो. मी विसरलो होतो, आणि शत्रूंचा पहिलाच घोळका थेट हीलरवर, म्हणजे इतरांना बरे करणाऱ्यावर, गेला. २०१९ च्या 'शॅडोब्रिंगर्स'पूर्वी स्टान्स चालू असताना आपला मारा कमी होत असे, म्हणून जुने खेळाडू शत्रूचे लक्ष एकदा ओढून घेतले की तो उतरवीत. त्या विस्ताराने ती घट काढली आणि एन्मिटी (शत्रूचा आपल्यावरचा रोष) वाढवणारे खास कॉम्बोही (ठरावीक क्रमाने करायचे हल्ले) काढून टाकले, तेव्हा आज शत्रूला आपल्याकडे धरून ठेवण्याचा सारा भार स्टान्सवरच आहे. मधली वर्षे खेळ सोडून परतलेल्यांनी 'नंतर उतरवू' हा विचार मनातून काढावा. आयर्न विल, डिफायन्स, ग्रिट आणि रॉयल गार्ड ही चार जॉबच्या स्टान्सची चारही बटणे हॉटबारवर (पडद्यावरच्या बटणांच्या पट्टीवर) एकाच जागी ठेवावीत, म्हणजे जॉब कोणताही असला तरी बोट तिथेच जाईल. डंजनमध्ये (गटाने लढायच्या ठिकाणी) शिरल्यावर, पहिला घोळका ओढण्यापूर्वी, आपल्या नावाखालचे स्टान्सचे चिन्ह पाहावे. दिसत नसेल तर थांबावे. तेवढ्याने कोणी रागावत नाही.

दुसरे काम म्हणजे कौशल्यांची वर्णने वाचणे, आणि ते कोणीही करीत नाही, कारण पुष्कळ कौशल्ये जुन्याच बटणावर गुपचूप बदलतात. 'डॉनट्रेल'मध्ये ९२ व्या पातळीवर चारही जॉबचे मोठे बचाव बदलले: सेंटिनलचे गार्डियन, व्हेन्जन्सचे डॅम्नेशन, शॅडो वॉलचे शॅडोड व्हिजिल आणि नेब्युलाचे ग्रेट नेब्युला झाले, आणि अंगावरचा मार ३० ऐवजी ४० टक्क्यांनी कमी होऊ लागला. ९८ व्या पातळीवर शत्रूंचा मारा कमी करणारे रिप्रायझल १० ऐवजी १५ सेकंद टिकू लागले. खरी अडचण उलट दिशेने येते: खालच्या पातळीच्या डंजनमध्ये खेळ आपली पातळी उतरवतो तेव्हा जुने ३० टक्के आणि जुने १० सेकंदच हाती राहतात, आणि वरच्या आकड्यांची सवय झालेला टँक तिथे विनाकारण मरतो. पातळी उतरली असो वा नसो, स्टान्स आपणच पाहायचा आहे.

सर्व्हर भारतात नाहीत, म्हणून आपले बटण तिथे थोडे उशिरा पोहोचते. बॉसच्या बहुतेक मोठ्या आघातांचा हिशेब त्याची कास्टबार (आघाताची तयारी दाखवणारी पट्टी) संपताक्षणीच होतो, तलवार आपल्यावर पडताना दिसते ती त्यानंतर. डोळ्यांवर विसंबून ढाल उचलणारा म्हणूनच नेहमी उशीर करतो. कास्टबार संपण्याच्या एक-दोन सेकंद आधी बचाव चालू असला पाहिजे. नव्या बचावांच्या वेळा प्रशिक्षणाच्या पुतळ्यासमोर उभे राहून बोटांत बसवाव्यात. पुतळा उलट मारत नाही, पण कोणत्या बचावानंतर कोणता आणि किती वेळाने, एवढे तिथे पक्के होते.

हॉटबारची मांडणी आपल्याच संगणकावर साठते, म्हणून तिची प्रत सर्व्हरवर चढवून ठेवावी. सत्तराव्या पातळीपर्यंतची जॉबची कामे राहिली असतील तर उरकावीत, नाहीतर कौशल्येच अपुरी राहतात. चिलखत दुरुस्त असावे.

आठ जणांच्या गटात दोन टँक असतात, तेव्हा बॉस कोण धरणार हे सुरुवातीलाच ठरवावे. दुसऱ्याने स्टान्स उतरवावा, किंवा शर्क हे कौशल्य वापरून आपली काही एन्मिटी पहिल्याकडे द्यावी. अदलाबदल करायची असेल तेव्हा प्रोव्होक (शत्रूचे लक्ष झटकन आपल्याकडे वळवणारे कौशल्य) देण्याआधी स्टान्स चालू करावा. होय, पुन्हा स्टान्सच.