मायग्रेनची औषधविरहित उपकरणे: या चुका टाळा

कपाळावर, मानेवर किंवा दंडावर लावून मज्जातंतूंना सौम्य विद्युत्स्पंद देणारी मायग्रेनची उपकरणे वापरणाऱ्यांकडून 'काहीच फरक पडला नाही' अशी तक्रार वारंवार ऐकू येते. काहींना खरोखरच गुण येत नाही, हे मान्य करायला हवे. मात्र अनेकदा खोट उपकरणात नसते, तर ते केव्हा, किती वेळ आणि किती तीव्रतेवर वापरले यात असते.

पहिली चूक वेळेची. 'थोडे थांबून पाहू, आपोआप उतरेल' असे म्हणत डोके पुरते ठणकू लागेपर्यंत वाट पाहिली जाते आणि मग उपकरण हाती घेतले जाते. दंडावर बांधायचे नेरिव्हिओ दुखणे सुरू झाल्यापासून तासाभराच्या आत लावून पूर्ण 45 मिनिटे ठेवायचे असते. जरा बरे वाटले म्हणून ते अर्ध्यावर काढू नये. कपाळावरच्या सेफॅलीमध्ये दोन स्वतंत्र कार्यक्रम असतात, चालू झटक्यासाठी 60 मिनिटांचा आणि प्रतिबंधासाठी रोजचा 20 मिनिटांचा. ऐन झटक्यात 20 मिनिटांचा कार्यक्रम लावून चमत्काराची अपेक्षा करणे जितके चुकीचे, तितकेच प्रतिबंधाचा कार्यक्रम फक्त डोके दुखेल त्या दिवशी वापरणेही चुकीचे.

तीव्रतेच्या बाबतीत तर गफलत हमखास होते. जेमतेम मुंग्या जाणवतील इतकाच प्रवाह ठेवून लोक निर्धास्त होतात. नेरिव्हिओची तीव्रता मोबाइलवरील अ‍ॅपमधून वाढवत अशा पातळीवर आणायची असते, जिथे संवेदना ठसठशीत असते पण दुखत नाही. सेफॅलीत प्रवाह सुरुवातीला हळूहळू चढत जातो आणि बटण दाबले की तेथेच स्थिरावतो. पहिल्याच टोचणीला दचकून बटण दाबणारा माणूस उरलेला सगळा वेळ अगदी क्षीण प्रवाहावर काढतो. सुरुवातीचे काही दिवस थोडा थोडा प्रवाह वाढवत कपाळाला सवय होऊ देणे हाच यावरचा उपाय आहे. झटक्याच्या वेळी ज्यांना कपाळाला नुसता स्पर्शही सोसवत नाही, त्यांनी दंडावरच्या उपकरणाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

एकाच ठिकाणी सुई टोचल्यासारखे होत असेल, तर बहुधा इलेक्ट्रोडची (त्वचेवर चिकटवायच्या, प्रवाह देणाऱ्या पट्टीची) कड सुटलेली असते. क्रीम, घाम किंवा तेलकटपणा पुसून त्वचा कोरडी केल्याशिवाय इलेक्ट्रोड लावू नये आणि त्याचा चिकटपणा गेला की तो बदलावा. मात्र प्रत्येक वापरानंतर पुरळ किंवा खाज येत असेल, तर ती चिकट जेलची अ‍ॅलर्जी असू शकते; ती अंगावर काढू नये. मानेवर धरायच्या गॅमाकोअरच्या दोन्ही गोल पृष्ठभागांवर जेल लावून ते जबड्याखाली, नाडी लागते त्या जागी टेकवायचे असते. त्या बाजूचा खालचा ओठ किंचित ओढला गेला की जागा बरोबर आहे असे समजावे. तसे न झाल्यास ते थोडे सरकवून पाहावे.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले अन्य विद्युत् उपकरण, डोक्यातील धातूचे रोपण, अपस्मार यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांच्या परवानगीवाचून यातले काहीच वापरू नये. एकाएकी उठलेली आणि क्षणात असह्य झालेली डोकेदुखी, तापासोबत मान आखडणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे ही लक्षणे उपकरण लावून बसण्याची नव्हेत. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

उपकरण आणले म्हणून चालू असलेली प्रतिबंधक औषधे परस्पर बंद करणे हीदेखील चूकच. उलट, वेदनाशामके सर्रास घेणे चालूच राहिले, तर उपकरणाचा हिशेबच लागत नाही. महिन्यातले 10 किंवा अधिक दिवस ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यावर घ्यायची खास औषधे), अथवा 15 किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर औषधांच्या अतिवापरातूनच डोकेदुखी जडू शकते.

म्हणून डोकेदुखीचे दिवस, घेतलेल्या गोळ्या आणि प्रवाहाची पातळी रोज लिहून ठेवावी. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 67 रुग्णांवरच्या सेफॅलीच्या चाचणीत तीन महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर मायग्रेनचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेल्यांचे प्रमाण 38.1 टक्के होते, तर तुलनेसाठी लुटुपुटीचे उपकरण मिळालेल्यांत 12.1 टक्के. त्यामुळे पंधरवड्यात निकाल लावणे घाईचे ठरते. मात्र नियमित वापराच्या तीन महिन्यांनंतरही वहीतले आकडे हलले नसतील, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवून वेगळ्या मज्जातंतूवर काम करणारे उपकरण किंवा औषधोपचार यांचा विचार करावा.