उन्हाळ्यात कुंड्यांना पाणी घालताना

ऊन तापायला लागलं की गच्चीतल्या आणि बाल्कनीतल्या कुंड्यांच्या तक्रारी सुरू होतात. टोमॅटोची फुलं गळतात, कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलावर येते, मिरचीची पानं वळतात. खत कमी पडलं असेल असं समजून मूठभर खत टाकलं जातं आणि झाड आणखीच खचतं. यातल्या बऱ्याच तक्रारींना खत जबाबदार नसतं. मुळांपाशी ओल किती आहे आणि माती किती तापली आहे, हे आधी पाहायला हवं.

जमिनीतलं झाड ओल शोधत मुळं खाली सोडतं. कुंडीत माती मोजकीच, शिवाय ती बाजूंनीही तापते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारचं ऊन थेट लागलं तर कडेच्या मातीचं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर सहज जातं, आणि पाणी शोषणारी कोवळी पांढरी मुळं नेमकी कडेलाच जास्त असतात. म्हणून झाडाला ऊन मिळू द्या, पण कुंडीला सावली करा. मोठ्या कुंडीपुढे लहान कुंडी ठेवा, बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा पांढरा रंग लावा. मातीची कुंडी बाहेरून पाझरते म्हणून थंड राहते, मात्र ती सुकतेही लवकर. कापडी ग्रो बॅगचंही तेच.

आता पाण्याकडे वळू. रोज पाणी घालूनही झाड सुकत असेल तर एकदा नीट पाहा. झारी ओतल्यावर पाणी लगेच खालच्या भोकातून वाहतं का? माती आणि कुंडीची कड यांच्यामध्ये फट पडली आहे का? फट असेल तर पाणी तिथून सरळ खाली जातं, ताटली भरते, आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. खुरपीने दोन इंच खणलं की आत भुगा दिसतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेली माती एकदा पूर्ण वाळली की पाणी पटकन धरत नाही, त्यामुळे हे वारंवार होतं.

अशा वेळी कुंडी टबात ठेवा. निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि वरची माती ओली दिसेपर्यंत, साधारण अर्धा तास, तशीच राहू द्या. मग बाहेर काढून निथळू द्या. कुंडी उचलण्याजोगी नसेल तर माती वरून हलकी उकरून फट बुजवा आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन-चार वेळा थोडं थोडं पाणी द्या.

रोजच्या पाण्याला वेळापत्रक लावू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर खालून पाणी निथळेपर्यंत द्या. लहान कुंडी उचलून पाहिली तरी कळतं, वाळलेली हलकी लागते. कडक उन्हात लहान कुंड्यांना दोनदा पाणी लागू शकतं, तर सावलीतल्या मोठ्या कुंडीला एक दिवसाआडही पुरतं. माती सतत चिकचिकीत राहिली तर मुळांना हवा मिळत नाही, म्हणून कुंडीतही वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, हवाच.

दुपारी पानं माना टाकतात तेव्हा लगेच झारी उचलू नका. मोठ्या पानांची झाडं भर उन्हात मलूल होतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. सकाळीही पानं लोंबलेलीच असतील तर मातीत बोट घाला. कोरडी असेल तर तहान आहे, ओली असेल तर मुळं सडत असतील. लक्षण एकच, उपाय मात्र उलट. पाणी सकाळी लवकर देणं उत्तम, पण झाड दुपारी खरंच कोरडं पडलं असेल तर संध्याकाळची वाट पाहू नका. फक्त उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी बादलीत काढा, ते चटका बसण्याइतकं गरम असतं.

निचऱ्यासाठी तळाशी खडी भरण्याची पद्धत सोडून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, ते सीमेवरच अडतं. म्हणजे ओलीचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो आणि मातीची जागाही घटते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या भागात घ्या. वर दोन इंच वाळलेल्या पाल्याचं आच्छादन द्या, खोडाला मात्र ते टेकू देऊ नका.

टोमॅटोला किमान 15 ते 20 लिटरची कुंडी हवी, लहान कुंडीत उन्हाळाभर नुसती धावपळ होते. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या पुढे आणि रात्रही उबदार असली की फळधारणा घटते, त्याला औषध नाही. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला तर तो रोग नाही. पाणी कधी फार, कधी कमी मिळाल्याने फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, म्हणून असं होतं. पाणी नियमित करा, पुढची फळं सुधारतात.

भेंडी, गवार, माठ यांना ऊन मानवतं. कोथिंबीर आणि पालक 50 टक्के शेडनेटखाली (निम्मं ऊन अडवणाऱ्या जाळीखाली) किंवा फक्त सकाळचं ऊन येईल तिथे लावा, आणि कोथिंबीर थोडी थोडी पेरत राहा, कारण ती फुलावर जाणारच. पुदिन्याला पसरट कुंडी द्या आणि दुपारी सावली. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा म्हणजे पानं येत राहतात. फुलांमध्ये सदाफुली, झिनिया आणि चिनी गुलाब निर्धास्त लावा. मोगऱ्याला भरपूर ऊन द्या, बहर ओसरला की शेंडे छाटा.

कोरड्या हवेत लाल कोळी, ही पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड, वाढते. पानांवर बारीक फिके ठिपके आणि खाली जाळी दिसली की सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, काही दिवस सलग. निंबोळी तेल फवारायचं तर संध्याकाळीच, भर उन्हात पानं करपतात.

खत द्यायचंच तर पातळ करून, ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर क्षार साठले आहेत, खत थांबवून एकदा भरपूर पाण्याने माती धुऊन काढा. ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या, उन्हाळ्यात आठवड्याभरात त्यात डास तयार होतात.

चार दिवस बाहेर जायचं असेल तर सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा. लहान कुंड्यांसाठी पाण्याची बादली थोडी उंचावर ठेवून सुती दोरीचं एक टोक तिच्या तळाशी आणि दुसरं मातीत दोन-तीन इंच खोल पुरा. दोरी आधी भिजवून घ्या, आणि निघण्याच्या दोन दिवस आधी लावून बघा, म्हणजे पाणी किती उतरतं याचा अंदाज येईल.