दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर बिडी परत चालू होऊ नये म्हणून काय करायचं

घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) नाहीतर अंबाजोगाईच्या दवाखान्यात आठ-दहा दिवस ॲडमिट राहिलेला माणूस तिथं बिडीबिगर राहतो अन् घरचे म्हणतात, सुटली एकदाची. तलफ सगळ्यात जास्त पहिल्या दोन-तीन दिवसांत असते, ती वार्डातच निघून जाते हे खरंय. पण गावात आलं की चहा झाल्यावर, पारावर बसल्यावर, सकाळी संडासला जाताना हात आपोआप खिशाकडं जातो. म्हणून दवाखान्यातलं समजावणं घरी आल्यावरही कमीत कमी महिनाभर चालू ठेवावं लागतं, तरच त्याचा फायदा होतो.

सुट्टीच्या आदल्या दिवशीच ठरवा की विचारपूस कोण करणार. एकच माणूस ठेवा, शक्यतो ज्याचं ते ऐकतात असा, बहुतेक घरात ती लेक असते, सासरहून फोन केला तरी चालतंय. पहिल्या आठवड्यात रोज, मग आठवड्याला एकदा.

तलफ कमी करायला निकोटीनचं (तंबाखूतला नशेचा पदार्थ) च्युइंगम मिळतं, त्याचं डॉक्टरला तिथंच विचारून घ्या, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर मनानं अजिबात देऊ नका. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहिलं तर घसा जळतो, उचकी लागते अन् लोक फेकून देतात. हळूहळू चावायचं, तिखट लागलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं, असं अर्धा तास, अन् त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको.

बिडी सोडल्यावर पोट साफ होत नाही, हे बऱ्याच जणांना होतं अन् तेवढ्यासाठी लोक परत पेटवतात, तर भरपूर पाणी, भाजी-फळं द्या, तरी नाही जमलं तर डॉक्टरला सांगा.

भेटायला येणाऱ्या सोयऱ्यांना दारातच हात जोडून सांगा की यांच्यासमोर बिडी काढू नका, वाईट वाटलं तर वाटू द्या. आणि बिडीच्या जागी तंबाखू-चुना चालू झाला तर त्याला सोडणं म्हणत नाहीत, निकोटीन तेच अन् तोंडाचा कॅन्सर वेगळाच.

१८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा, म्हणजे बिडी-तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, पेशंटच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या.

एखादी ओढलीच तर रागावू नका हो, रागावलं की माणूस लपून ओढायला लागतो. कुठं ओढली, कुणासोबत, तेवढं विचारा अन् दुसऱ्या दिवशी त्या वेळेला तुम्ही सोबत थांबा.