चिकुनगुनियानंतर मॅरेथॉन: माझ्या वहीतली तयारीची यादी

सगळ्यात आधी जिना. सकाळी उठल्या उठल्या, अंग मोकळं व्हायच्या आत, पाच-सहा पायऱ्या सरळ उतरून बघा. ज्यांना चिकुनगुनिया होऊन गेलाय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात साथ होती तेव्हा आमच्या इमारतीत जो तो कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरत होता, आणि त्यात मीही होते. ताप चार दिवसांत गेला. घोटे आणि मनगटं मात्र दिवाळी उलटली तरी ताळ्यावर येईनात. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन सोडली आणि पुढच्या वर्षासाठी नव्याने वही घातली.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या: जिना, नाडी, झोप. नाडी अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट मोजायची. आपला नेहमीचा आकडा कळायला दोन आठवडे पुरतात. माझा 62 च्या आसपास असतो. दोन दिवस लागोपाठ 70 दिसला की बूट कपाटात. जिना आडवा उतरावा लागला तरीही तेच. त्या दिवशी फार तर चालणं. काल किती धावलो हे घड्याळ सांगतं, पण ते पचलं की नाही हे आज सकाळचा घोटाच सांगतो, आणि या सगळ्या यादीत माझा विश्वास त्याच्यावरच जास्त आहे.

डॉक्टरांकडे नुसतं ‘धावायला हरकत नाही’ एवढं ऐकायला जाऊ नका. सूज दाखवा, आणि रक्तात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायचं का ते विचारा. बायकांमध्ये हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, माझं 10.4 निघालं. चार महिने मी धाप लागायचं खापर आजारावर फोडत होते, आणि पोटात जात होता तो दोन वेळचा चहा, तोही जेवणावर! लोहाची गोळी डॉक्टर सांगतील तेवढीच, लिंबूपाण्याबरोबर. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून लांब, त्यांच्यामुळे लोह नीट अंगी लागत नाही. चाळिशी ओलांडली असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल, तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट या हृदयाच्या तपासण्यांचं विचारून घ्या. धावताना छातीत दुखलं, धडधडलं किंवा भोवळ आली तर तिथेच थांबायचं, रिक्षा करायची. त्यात लाज कसली?

आता वेदनाशामक गोळी. धावणाऱ्यांच्या ग्रुपवर हा विषय निघाला की ‘मी तर एक घेऊनच निघतो’ म्हणणारा एक जण हमखास भेटतो. त्याचं ऐकू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेऊन तीन-चार तास घाम गाळला की मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो. शिवाय घोटा ओरडत असतो आणि आपण त्याच्या तोंडावर हात ठेवलेला असतो. दुखणं गोळीशिवाय सोसवत नसेल तर त्या दिवशीची धाव रद्द.

दिवस उलटे मोजा. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्याआधी किमान सहा महिने, आणि तेही पाच किलोमीटर चालणं बिनतक्रार जमत असेल तरच. धावणं-चालणं आलटून पालटून करा. 1972 च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत जगभर रुजवली, तेव्हा चाललात म्हणून कमीपणा मानू नका. मी एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल इथून सुरुवात केली आणि चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल इथपर्यंत आले. लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याची धाव, एक आठवडा आड, जास्तीत जास्त 30-32 किलोमीटर, तोही स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. नंतर कमी-कमी करत जायचं. मधे सांधे उचल खाऊन एखादा आठवडा बुडाला तर तो बुडाला. रात्री जागून पोर्शन संपवायची आपली शाळेतली खोड इथे महागात पडते.

पिंडऱ्यांचे व्यायाम आठवड्यातून दोनदा. बूट नवे नकोत, झिजलेलेही नकोत.

पुणेकरांसाठी वेगळी नोंद: डिसेंबरच्या थंडीत विद्यापीठात किंवा तळजाईवर मिळालेल्या पेसवर, म्हणजे वेगावर, भाळू नका. मुंबईची हवा दमट, आणि परतीच्या वाटेवर, पायांत काही उरलेलं नसताना, पेडर रोडचा चढ येतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये एक-दोनदा मुद्दाम सकाळी साडेसातला, ऊन अंगावर घेत निघायचं, आणि काही लाँग रनचा शेवट वेताळ टेकडीच्या चढावर करायचा. चढाचं दुखत नाही, उताराचं दुखतं, तिथे चालायचं.

खाणंपिणं लाँग रनलाच ठरवून टाका. मला धावताना खायचं ते साखरेचं जेल सोसत नाही. खजूर आणि चिक्कीचे तुकडे चालतात. ठिकठिकाणी नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्यायचं, मधून मधून मीठ-साखरेचं पाणी.

शेवटच्या आठवड्यात मच्छरदाणी. हसू नका, डास कुठल्याच वर्षी सुट्टीवर नसतात. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, आधीच्या दिवसांतच घ्यावं लागतं, तेव्हा ओळखपत्र आणि मुंबईतला मुक्काम पक्का करा. शनिवारी बिब वाटतात त्या एक्स्पोत तासन्‌तास उभं राहून पाय दमवू नका, बिब घेतलं की थेट मुक्कामाला. रात्री पिना, टोपी, पेट्रोलियम जेली एका पिशवीत भरा आणि बिब उलटं करा. मागे रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन लिहायचा असतो. बॉलपेनने लिहा, जेलपेनची शाई घामाने माहीमपर्यंतही टिकत नाही.