घडीच्या चाकूची मूठ कशाची घ्यावी?

साध्या सुरीची मूठ केवळ हातात धरण्यासाठी असते. घडीच्या चाकूची मूठ मात्र त्या चाकूचा सांगाडाच असते. पाते ज्या पिनेवर फिरते ती पिन, उघडलेले पाते जागी अडवून ठेवणारे लॉक आणि मिटलेली धार झाकणारी खाच हे सगळे मुठीतच बसवलेले असते. त्यामुळे मुठीचा पदार्थ फुगला, वाकला किंवा तडकला, तर नुसती पकड बिघडत नाही, चाकूच बिघडतो. दुकानात किंवा संकेतस्थळावर चाकू पाहताना पदार्थाचे नाव वाचण्याआधी तो पदार्थ भार उचलतो आहे की फक्त वरून झाकण म्हणून बसवला आहे, हे पाहावे.

अनेक चाकूंमध्ये दोन्ही बाजूंना पातळ पोलादी पत्रे असतात, ज्यांना लायनर म्हणतात. पिन आणि लॉक या पत्र्यांवर बसतात आणि बाहेरच्या पट्ट्या हातासाठी असतात. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या लाल चाकूवरील सेलिडॉर नावाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तर नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. पट्टी तडकली तरी चाकू चालतो आणि नवी पट्टी घरीही बसवता येते. याच्या अगदी उलट रचना फ्रान्सच्या सावोआ भागातील ओपिनेल चाकूची आहे. १८९० पासून बनणाऱ्या या चाकूत लायनर नाहीत. बीच लाकडाचा एक तुकडा, त्यात कापलेली खाच, पुढे धातूचे कडे आणि आरपार पिन, एवढीच त्याची मांडणी असते. १९५५ मध्ये त्यावर कुलपाचे फिरणारे कडे आले, तरी सगळा भार आजही लाकडावरच आहे.

म्हणूनच लाकडी मुठीचा विचार आपल्याकडच्या हवेत अधिक बारकाईने करावा लागतो. बीच हे दमटपणाने बरेच फुगणारे लाकूड आहे. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर असा चाकू सॅकमध्ये राहिला, तर खाचेच्या भिंती फुगून पात्याला दोन्हीकडून आवळतात आणि नखाने ओढूनही पाते निघत नाही. सावोआतील लोक अशा वेळी कुलपाचे कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक कठीण पृष्ठभागावर आपटतात. त्या धक्क्याने पाते खाचेतून किंचित वर येते आणि बोटांत धरता येते. हा तात्पुरता उपाय झाला. कायमचा बंदोबस्त करायचा असेल, तर चाकू उघडून काही दिवस सावलीत वाळू द्यावा (उन्हात ठेवल्यास लाकडाला चिरा पडतात), आइस्क्रीमच्या काडीभोवती बारीक सँडपेपर गुंडाळून खाचेच्या भिंती हलक्या घासाव्यात आणि मग कान साफ करण्याच्या काडीने खाचेच्या तळापर्यंत जवसाचे तेल लावावे. तेल रात्रभर मुरू द्यावे, उरलेले पुसावे आणि पूर्ण सुकल्यावर पुन्हा एक-दोन हात द्यावेत. बाहेरची बाजू कितीही चकचकीत असली, तरी पाणी शिरते ते या खाचेतूनच. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कचऱ्यात टाकू नये; जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघडी पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावी.

एवढी उठाठेव नको असेल आणि तरीही लाकडाचे रूप हवे असेल, तर लायनर असलेला चाकू घेऊन त्यावर राळ भरलेले लाकूड निवडावे. निर्वात दाबाखाली लाकडाच्या छिद्रांत राळ भरली की ते फारसे फुगत नाही. पक्कावूड या नावाने मिळणारे पातळ लाकडी थर आणि राळ यांचे मिश्रणही याच जातीचे आहे. ते दिसायला जरा गुळगुळीत आणि एकसुरी वाटते, पण ओल्या हातात निभावते.

शिंग आणि हाड यांच्याबाबत सौंदर्यापेक्षा कायदा आधी पाहावा. इंग्लंडमधील शेफिल्डच्या जुन्या चाकूंना भारतातून गेलेल्या सांबराच्या शिंगांच्या मुठी असत आणि त्या हाताला उत्तम बसत, हे खरे आहे. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली सांबर हा संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या गळून पडलेल्या शिंगांचा व्यापारही भारतात चालत नाही, म्हणून आठवडी बाजारात कोणी सांबरशिंगी मूठ दाखवली तर ती घेऊ नये. म्हशीचे शिंग वापरता येते. मात्र ते कोरड्या उष्ण हवेत थराथराने सुटते आणि लोकर खाणारे किडे त्यालाही लागतात.

रोजच्या वापरासाठी माझी पहिली पसंती काचतंतू भरलेल्या नायलॉनच्या मुठीला आहे, जिला उत्पादक एफआरएन किंवा जीएफएन म्हणतात. पुष्कळ हौशी लोक तिला स्वस्त प्लास्टिक म्हणून नाक मुरडतात, आणि हातात घेतल्यावर ती पोकळ वाटते हेही नाकारता येत नाही. पण स्पायडरको कंपनीने १९९० मध्ये डेलिका आणि एंड्युरा या चाकूंना ही मूठ दिली, आणि ते दोन्ही चाकू आजही बनतात. नायलॉन हवेतील ओलावा थोडा शोषून घेते, पण त्याने ते कमकुवत होण्याऐवजी अधिक चिवट होते. ज्या पावसाने बीच लाकूड अडकते, त्याच पावसाचा या मुठीला फायदा होतो. ती साच्यात ओतून बनवत असल्याने पकडीचे खवले साच्यातच घडतात आणि त्यासाठी वेगळा खर्च पडत नाही. घेताना एकच चाचणी करावी. चाकू उघडून, पात्यापासून बोटे दूर ठेवून, मुठीच्या दोन्ही बाजू अंगठा व तर्जनीने दाबाव्यात. मूठ लवत असेल आणि त्याबरोबर पाते डावी-उजवीकडे हलत असेल, तर भिंती पातळ आहेत किंवा आत लायनर हवे तिथे नाहीत.

जी-१० हा काचेच्या कापडाचे थर इपॉक्सी राळेत दाबून केलेला पदार्थ आहे. संगणकातील हिरव्या सर्किट बोर्डांचा तो सख्खा भाऊ म्हणता येईल. तो पाणी जवळजवळ घेत नाही, घामाने बिघडत नाही आणि कापून हवा तसा खरबरीत करता येतो. तक्रार असते ती याच खरबरीतपणाची: चाकू खिशाला अडकवण्याच्या क्लिपखालचा भाग पँटच्या खिशाची कड काही महिन्यांत कुरतडून टाकतो. क्लिप काढून तेवढाच भाग पाण्याखाली बारीक सँडपेपरने घासला की हा त्रास संपतो. मात्र कोरडे घासू नये आणि तोंडाला मास्क लावावा, कारण काचेची भुकटी फुप्फुसांना घातक असते. मायकार्टामध्ये काचेऐवजी कॅनव्हास, लिनन किंवा कागद आणि फिनॉलिक राळ असते. हा पदार्थ वेस्टिंगहाउस कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्युतरोधक म्हणून आणला होता. पॉलिश न केलेला कॅनव्हास मायकार्टा ओला झाल्यावर अधिकच घट्ट धरला जातो. तो हातातील तेल शोषून हळूहळू काळपट होतो. काहींना हे आवडते, काहींना ते मळके वाटते.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहण्यासारखा आहे. १० सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशा दोन पट्ट्यांचे घनफळ १५ घन सेंटिमीटर होते. त्या पोलादाच्या असतील तर सुमारे ११८ ग्रॅम, टायटेनियमच्या सुमारे ६६, अॅल्युमिनियमच्या ४०, जी-१० च्या २८, कार्बन फायबरच्या २४ आणि काचतंतू नायलॉनच्या २० ग्रॅम भरतील. म्हणजे जी-१० वरून कार्बन फायबरवर गेल्याने वाचतात चारच ग्रॅम, आणि त्यासाठी किंमत मात्र बरीच वाढते. कार्बन फायबर दिसायला सुंदर आहे, पण कडेवर आपटल्यास त्याचे टवके उडू शकतात. नक्षी फक्त वरच्या थरात आहे की आरपार, हे पट्टीची कापलेली कड पाहिली की लगेच कळते.

धातूच्या मुठींमध्ये अॅल्युमिनियम हलके आणि सुबक असते, परंतु ओल्या हातात निसटते, आणि लडाखच्या थंडीत ते हाताला नकोसे होते. त्यावरील अॅनोडायझिंगचा (विजेच्या साहाय्याने चढवलेला संरक्षक) थर कडक असला तरी पातळ असतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पोलादी स्क्रूंच्या भोवती पांढरी भुकटी दिसू लागली, तर तिथे गंज सुरू झाला असे समजावे. टायटेनियमला हा त्रास नाही. चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांनी रूढ केलेल्या फ्रेम लॉकमध्ये तर टायटेनियमच्या मुठीचाच एक भाग कापून त्याची स्प्रिंग केलेली असते, आणि मूठ आवळली की लॉक आणखी घट्ट बसते. टायटेनियम पोलादावर घासताना चिकटते, म्हणून लॉकच्या टोकाला पोलादी तुकडा जोडलेला चाकू घ्यावा. तो नसेल आणि लॉक अडकत असेल, तर त्या जागी पेन्सिलीचे शिसे घासून पाहावे.

मऊ रबरी मुठी दुकानात सर्वांत आरामदायक वाटतात आणि नेमक्या त्याच आधी निकामी होतात. फणस कापताना आपण हाताला आणि पात्याला खोबरेल लावतो. ते तेल अनेक रबरी पदार्थ शोषून घेतात, फुगतात आणि पुढे चिकट होतात. सेलिडॉरसारख्या सेल्युलोजजन्य प्लास्टिकला डीट हे रसायन असलेल्या, डास पळवण्यासाठी अंगाला लावायच्या औषधाचा असाच त्रास होतो, तेव्हा ते लावलेल्या हाताने चाकू धरू नये. चीक, फळांचा रस किंवा मासळीचे खवले यांच्याशी नेहमी संबंध येणार असेल, तर पाठीमागून उघडी असलेली जी-१० ची मूठ घ्यावी. नळाखाली धरली की ती आतूनही धुतली जाते. बंद पाठीच्या मुठीत चीक पिनेपाशी साचतो आणि पाते जड फिरू लागते. तो आधी तेलाने सोडवावा, मग साबणाच्या पाण्याने धुवावा.

स्वित्झर्लंडच्या सैन्याने या बाबतीत काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. त्यांच्या १८९० च्या पहिल्या चाकूला गडद ओक लाकडाची मूठ होती. पुढे दाबलेल्या कागदी तंतूंची, १९६१ पासून खडबडीत छाप्याच्या अॅल्युमिनियमची आणि २००८ मध्ये मऊ पट्टे बसवलेल्या नायलॉनची मूठ आली. टायटेनियम वा कार्बन फायबर त्या यादीत नाही.

शेवटची तपासणी पदार्थाची नसून जोडणीची आहे. पट्टी आणि लायनर यांच्या सांध्यावरून नख फिरवावे. ते अडकले, तर तिथे घाम आणि माती साचणार. मिटलेले पाते खाचेच्या मधोमध आहे का, तेही पाहावे. रिव्हेटऐवजी स्क्रूने जोडलेली मूठ घ्यावी, म्हणजे पावसाळ्यानंतर ती उघडून वाळवता येते. परत जोडताना पिनेच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायच्या चिकट द्रवाचा) अगदी लहान थेंब लावावा. लाल थ्रेडलॉकर टाळावा, कारण तो पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही आणि त्या उष्णतेने नायलॉनची मूठ वितळते.