गॅरेज टाकताय? आधी चुंग जू-युंगचं गॅरेज समजून घ्या

वागळे इस्टेटमध्ये माझं गॅरेज आहे. नवीन मुलगा कामाला लागला की हातात पाना देण्याआधी मी त्याला ह्युंदाईच्या संस्थापकाची गोष्ट सांगतो. चुंग जू-युंग १९१५ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मला. त्याचं गाव आज उत्तर कोरियात आहे. घरातून तो अनेकदा पळाला, एकदा तर बापाचे गाय विकलेले पैसे घेऊन. सोलमध्ये तांदळाच्या दुकानात सायकलवरून माल पोचवला आणि १९४० मध्ये गॅरेज घेतलं.

त्याचं गणित नीट समजून घ्या. बाकीचे गॅरेजवाले गाडी अडकवून ठेवत आणि बिल वाढवत. हा पटकन दुरुस्त करून द्यायचा आणि त्याचे जास्त पैसे घ्यायचा. गाडीवाल्याला गाडीची गरज असते, हे त्याने ओळखलं होतं.

म्हणून जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, सगळ्यात आधी लिहा: गाडी कधी हवी आणि कशासाठी. पार्ट हातात आल्याशिवाय गाडी खोलू नका. क्लचचं काम असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आधी मागवा आणि लेथवाल्याला फोन करा, कारण फ्लायव्हील (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची जड चकती) घासलेलं निघालं तर ते लेथवर सपाट करून येईपर्यंत काम तिथेच अडतं. मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी एक सँट्रो न विचारता खोलली. लेथ सोमवारपर्यंत बंद. त्या गाडीचा मालक आईला डायलिसिसला रिक्षातून घेऊन गेला. ते मला अजून टोचतं.

रात्री बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, थिनरचा डबा शेडमध्ये ठेवू नका. चुंगचं गॅरेज सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत जळालं, गिऱ्हाइकांच्या गाड्यांसकट. तो पळाला नाही. ज्याच्याकडून कर्ज घेतलं होतं त्याच्याचकडे पुन्हा गेला, आणि त्याने पुन्हा दिलं. तुमच्या हातून गाडीला काही झालं तर मालकाला त्याच दिवशी, तुम्ही स्वतः सांगा.

ह्युंदाई मोटर १९६७ ची, त्यांची पोनी ही गाडी सत्तरच्या दशकातली; ते सावकाश वाचा. पण १९९८ सांगतोच. सँट्रो भारतात आली त्याच वर्षी, ऐंशी ओलांडलेला चुंग दोन खेपांत १,००१ गुरं घेऊन उत्तर कोरियात गेला. बापाची ती गाय तो विसरला नव्हता.

पार्टवाल्याची बाकी वहीत लिहा आणि दर शनिवारी, पोरांचा पगार झाला की लगेच चुकती करा.