तासावर बिल लावता आणि एआय वापरता? मग या चुका टाळा

एआय घेतलं की कमाई डबल, असं नाशिकला कॉलेज रोडच्या कॅफेत बसून एकमेकांना सांगणारी पोरं खूप भेटतात, आणि महिनाअखेरीला तीच विचारतात की दादा काम तर पटापट होतंय, मग पैसे कमी का आले. अरे, तू विकतोस तास आणि कमी केलेस तेही तासच!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टूल बदललं पण बिल तसंच ठेवलं. माझ्या ओळखीतला एकजण अंबडच्या कंपन्यांना मशीनची मॅन्युअल मराठीत करून देतो. रेट तासाला ५००, एका मॅन्युअलला ३० तास, म्हणजे १५,०००. एआय घेतल्यावर तेच काम तपासण्यासकट १२ तासांत उरकलं आणि गड्याने इमानदारीत १२ तासांचंच बिल लावलं, हातात ६,०००. कंपनीने कौतुक केलं आणि पुढच्या मॅन्युअलच्या पीओवर, म्हणजे खरेदी ऑर्डरवर, स्वतःच १२ तास टाकून पाठवले. त्या दुसऱ्या मॅन्युअलमध्ये निम्मी टेबलंच होती, एआयने रकाने इकडचे तिकडे केले, एक सेफ्टीची सूचना गाळूनच टाकली, सगळं मुळाशी ताडून बघता बघता २२ तास गेले आणि पैसे मिळाले बाराचेच. बरं, पहिल्या वेळी वाचलेले १८ तास दुसऱ्या कामाने भरले असते तरी त्याच रेटने ३० तासांचे तेच १५,०००, वर सबस्क्रिप्शनचा खर्च.

मी तासाचा रेट सांगणंच सोडलंय. फाइल आधी मागवतो, पानं मोजतो, टेबलं वेगळी मोजतो आणि पूर्ण कामाचा आकडा देतो. वरच्या पहिल्या, १२ तासांच्या मॅन्युअलचे १२,००० लावले तर क्लायंटचे ३,००० वाचतात आणि आपल्याला तासाला हजार पडतात. यात घासाघीस होते, होऊ दे.

काम १२ तासांचं, बिल ३० चं? ही चोरी आहे. अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवर तर तास मोजणारा टायमर दर दहा मिनिटांच्या तुकड्यात स्क्रीनशॉट घेतो.

आपण फास्ट झालोय असं नुसतं वाटून रेट ठरवू नका. २०२५ मध्ये एमईटीआर या अमेरिकेतल्या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरवर प्रयोग केला, त्यांना वाटलं आपण एआयमुळे २० टक्के फास्ट झालो, घड्याळात मात्र १९ टक्के वेळ जास्त लागला होता! म्हणून मी तपासण्याचा वेळ वहीत वेगळा लिहितो, पण नवख्यांना वही नको, शॉर्टकट पाहिजे.

चॅटजीपीटी प्लस महिन्याला १,९९९ रुपये, म्हणजे ५०० च्या रेटने चार तासांची कमाई, महिन्यातून एखादंच काम असेल तर फ्री व्हर्जनवर भागवा.

क्लायंटचं ड्रॉइंग न विचारता एआयमध्ये टाकायचं नाही.

आणि जुन्या क्लायंटला नवीन दर मार्च संपायच्या आतच कळवा, वर्षाच्या मधे सांगितलं की अकाउंट्सवाले पीओ बदलायला फार कुरकुर करतात.